गाडीच्या पोटाखाली पत्रा कोणता : लोखंडी की ॲल्युमिनियमचा?



शिवारफेरीत ऊस, खत, पाणी यांच्या जोडीला हल्ली आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, जीपच्या खाली गार्ड बसवायचाय. लोखंडी बसवू की ॲल्युमिनियमचा?" प्रश्न उसाचा नाही असे वरवर वाटते. पण जीप किंवा पिकअप पाणंदीत अडकली तर टोळीचे सामान अडते, डिझेल अडते, तोडणी अडते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा, असा आपला आग्रह असतो. कारण उन्हात पडलेल्या उसाचे वजनही घटते आणि साखरही घटते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहे.

मार कशाचा बसतो?

आपल्या भागात गाडीच्या पोटाला मार तीन ठिकाणी बसतो. पहिला पाणंदीत. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या खोल जातात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि गाडी त्यावर बसते. दुसरा नदीकाठी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या वाटा किती उखडल्या, हे राजाराम बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तिसरा मार खुद्द फडात. पाचट जाळू नका, सरीत पसरा, असे आम्हीच सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र पाचटाखाली धोंडा आहे की उसाचा बुडखा, हे चालकाला दिसत नाही.

ट्रॅक्टरचा चेंबर बहुधा जाड बिडाचा असतो आणि उंचावर असतो. जीप-पिकअपचा चेंबर पातळ पत्र्याचा किंवा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. पत्र्याचा चेपतो, ओतीव सरळ तडकतो. तेल गळाले आणि चालकाच्या ध्यानात आले नाही, तर दोन-चार मिनिटांत इंजिन जाम होते. मग बोअरकाम, क्रँक आणि ऐन हंगामात आठ-पंधरा दिवस गाडी उभी. गार्ड बसवायचा तो एवढ्यासाठी.

वजनाचा हिशेब

एक घनफूट वगैरे सोडा, साधा हिशेब पाहू. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड. १ चौरस मीटर, १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो, ॲल्युमिनियमचा २.७ किलो. हे ऐकून सभासद म्हणतो, मग ॲल्युमिनियमच बरे! पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. त्याच जाडीचा पत्रा घातला तर गाडी दगडावर बसताच तो वाकून चेंबरला टेकणार. मग गार्ड असून नसल्यासारखा.

सुदैवाने पत्रा जाड केला की ताठपणा झपाट्याने वाढतो. म्हणून दीड पट जाडी हे सूत्र ध्यानात ठेवावे. ४ मिलिमीटर पोलादाच्या जागी ६ मिलिमीटर ॲल्युमिनियम. अडीच फूट बाय तीन फूट मापाचा इंजिनाखालचा गार्ड धरला, तर ४ मिलिमीटर पोलादाचा सुमारे २२ किलो आणि ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा सुमारे ११ किलो भरतो. म्हणजे वजन निम्मे होते, तिसरा हिस्सा होत नाही.

वाचले किती? ११ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याचा चौथा हिस्सा. एवढ्यासाठी जादा पैसे मोजायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. किलोच्या भावात ॲल्युमिनियम पोलादाच्या कित्येक पट महाग आहे. निम्मे वजन लागले तरी बिल जास्तच येते. मात्र कोणी इंजिन, गिअरबॉक्स, डिझेल टाकी आणि दोन्ही बाजू असे सगळे मिळून तीन चौरस मीटर झाकणार असेल, तर पोलाद सुमारे ९४ किलो आणि ॲल्युमिनियम सुमारे ४९ किलो होते. तिथे फरक स्प्रिंगला, ब्रेकला आणि डिझेलला जाणवतो.

ॲल्युमिनियम सगळे सारखे नसते

उसात जशा जाती, तशा ॲल्युमिनियममध्येही जाती. भांड्याचा शुद्ध मऊ पत्रा चौरस मिलिमीटरला तीन-चार किलोच्या ताणातच कायमचा वाकतो. साधे पोलाद सुमारे २५ किलो सोसते. मिश्रधातूंत ५०५२-एच३२ ही जात १९-२० किलो सोसते आणि न तडकता वाकवता येते. ६०६१-टी६ ही जात २८ किलोपर्यंत जाते, पण काटकोनात वाकवायला गेले तर चिरते. तिला वेल्डिंग केले तर सांध्यालगतची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून दुकानदाराला नुसते "ॲल्युमिनियम द्या" म्हणू नये. जात विचारावी आणि बिलावर लिहून घ्यावी. घड्या घालून करायच्या गार्डाला ५०५२ बरी.

दगडावरची दोघांची वागणूकही निराळी. पोलाद दगडावरून घसरते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने दगड त्यात रुततो, पत्रा खरवडतो आणि गाडी अडल्यासारखी होते. पोलाद चेपले तर घणाने ठोकून सरळ करता येते. ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकवले की तडा धरते. खडीदार नक्षीचा पत्रा दिसायला छान, पण नक्षी खाली आली तर तीच दगडाला अडकते. गुळगुळीत बाजू खाली ठेवावी.

गंज आणि खत

ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण "त्याला काही होत नाही" हा समज खोटा. आपल्या गाड्या खत वाहतात. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. ते ओल्या चिखलात मिसळून पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यात बसले, की दोन धातूंत बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम भोकाभोकांनी खाल्ले जाते. स्टेनलेसचा बोल्ट घातला तरी ही क्रिया थांबत नाही. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरावेत आणि मध्ये रबराचे किंवा नायलॉनचे वॉशर घालावेत. लोखंडी पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात व वर रंग द्यावा आणि दर हंगामाच्या शेवटी खरवडलेल्या जागी पुन्हा रंग मारावा. दोन्हींच्या बाबतीत खत वाहिल्यावर गाडीचे पोट पाण्याने धुणे हे सगळ्यांत स्वस्त औषध.

दुरुस्ती कोण करणार?

पोलादी गार्ड तुटला तर गावातला कोणताही वेल्डर तासाभरात जोडून देतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो. धातू ६६० अंशांना वितळतो, तर थर २००० अंशांच्या वर. त्यामुळे साध्या वेल्डिंगने भागत नाही, आर्गॉन वायूचे काम लागते. कोल्हापुरात उद्यमनगरात असे कारागीर आहेत. पण रात्री नऊला पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीत तो मिळणार नाही.

मोठ्या कंपन्यांनीही जागा पाहूनच धातू निवडला आहे. १९४८ साली इंग्लंडात लँड रोव्हर निघाली, तेव्हा युद्धानंतरची पोलादाची टंचाई होती. कंपनीने वरचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले, पण चासी पोलादाचीच ठेवली. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत जोडलेली विलीज जीप मात्र पोलादी पत्र्याचीच होती.

बसवताना घ्यावयाची काळजी

१) गार्ड चासीला किंवा कंपनीने दिलेल्या मूळ छिद्रांना धरावा. चेंबरला किंवा गिअरबॉक्सला कधीही धरू नये. चेंबर व पत्रा यांत किमान एक इंच मोकळे अंतर राहावे.

२) पुढची कड वर वळवलेली असावी. दोन पत्रे असतील तर कौलांसारखे ठेवावेत. पुढच्या पत्र्याची मागची कड खाली राहावी, म्हणजे पुढे जाताना दगड सांध्यात अडकत नाही. बोल्टांची डोकी पत्र्यात बुडवावीत.

३) तेल सोडण्यासाठी व पाणी-चिखल निघण्यासाठी भोके ठेवावीत. हवा खेळली पाहिजे, नाहीतर इंजिन तापते.

४) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाचट. गार्डावर वाळके पाचट साचते आणि शेजारीच सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो. गाडी पेटायला एवढे पुरे. फडातून बाहेर आल्यावर रोज हात घालून पाचट काढावे, पण पाइप निवल्यावर. गार्ड कोणत्याही धातूचा असो, या कामाला सुट्टी नाही.

५) गाडीवर वेल्डिंग करायचेच झाले तर आधी बॅटरीची तार सोडावी. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, ती जळू शकते.

६) पोटाखालचा गार्ड वेगळा आणि तोंडावरचा लोखंडी बुल गार्ड वेगळा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तोंडावरचे असे गार्ड मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग ठरतात म्हणून राज्यांना कारवाई करण्यास कळविले. त्याने पादचाऱ्याला जबर इजा होते, शिवाय एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. तो बसवू नये.

मग निवड काय?

ट्रॅक्टरला व ट्रॉलीच्या तळाला डोळे झाकून पोलाद. ट्रॅक्टरला वजनाचे ओझे नाही, उलट चाकाला पकडच मिळते. पाणंदीत रोज जाणाऱ्या जीप-पिकअपला इंजिनाखाली ३ ते ४ मिलिमीटर पोलाद, हे बहुसंख्य सभासदांसाठी योग्य. जिची धाव मुख्यतः डांबरी रस्त्यावर आहे, जिचे पोट संपूर्ण झाकायचे आहे आणि ज्याच्या खिशाला परवडते, त्याने ६ मिलिमीटर ५०५२ चा ॲल्युमिनियम गार्ड बोल्टने बसवावा. पातळ ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा मात्र कोणीच घेऊ नये. तो फक्त चिखल अडवतो, धोंडा अडवत नाही.

आणि गार्ड आहे म्हणून ओल्या खोडव्यात गाडी घालू नये. चाकाखाली फुटवे मोडतात, जमीन दबते. त्या नुकसानीला कोणत्याच धातूचा गार्ड नाही. हंगामाआधी गावाने मिळून पाणंदीवर चार ट्रॉल्या मुरूम टाकला, तर तो सर्वांच्याच गाड्यांचा गार्ड होईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती खाते, कसबा बावडा