बोटाएवढ्या पट्टीवर संगणक कसा बसवावा

आपल्या मॉरिशसमध्ये आता मुलाच्या हाती फोन नाही असे घर शोधावेच लागेल. बोट सरकवले की चित्र येते. पण त्या काचेखाली काय चालते हे मुलाला ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर पालकांनाही नसते. आपण आज्ञा द्यावी आणि यंत्राने ती पाळावी, ही साधी गोष्ट या चकचकीत पडद्यांवर कुठे उघडी दिसत नाही. म्हणून आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांसाठी एक उद्योग निवडला आहे आणि तो मुद्दाम मराठीच्या तासाला करून घेतो.

मराठीच्या तासाला का, असे पुष्कळजण विचारतात. संगणक इंग्रजीतून येतो, गप्पा क्रियोलमध्ये होतात, आणि मराठीच्या वाट्याला आरती व निबंध उरतात. ज्या भाषेत मुलाने स्मृती, आज्ञा, दुरुस्ती हे शब्द कामासाठी कधी वापरलेच नाहीत, ती भाषा त्याला सणावारापुरती वाटली तर दोष त्याचा नव्हे.

साहित्य थोडके आहे. रास्पबेरी पाय पिको नावाची पट्टी जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनमधून बाजारात आली, तेव्हा तिची किंमत चार अमेरिकन डॉलर होती. लांबी ५१ मिलिमीटर, रुंदी २१. तिच्यावरची काळी चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर. कपडे धुण्याच्या यंत्रात आणि रिमोटमध्ये असते त्याच जातीची. कामाची स्मृती २६४ किलोबाइट, आणि वीज गेली तरी टिकणारी फ्लॅश स्मृती दोन मेगाबाइट. चार गिगाबाइटच्या फोनमध्ये या पट्टीच्या जवळजवळ सोळा हजार पट कामाची स्मृती असते. तरीही १९८१ साली निघालेल्या बीबीसी मायक्रोच्या ३२ किलोबाइटपुढे ही पट्टी श्रीमंतच म्हणायची.

नवी पट्टी मुकी असते. तिला बोलते करण्यासाठी आम्ही पिकोमाइट घेतो. ऑस्ट्रेलियाचे जेफ ग्रॅहम यांनी २०११ मध्ये मॅक्सिमाइट नावाचा छोटा संगणक तयार केला. त्याच्यासाठी लिहिलेली एमएमबेसिक भाषा पुढे पीटर मॅदर यांच्या हातून पिकोवर आली. हिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणावे की नुसती बेसिक, यावर जाणकार वाद घालतील. आमच्या मते वाद व्यर्थ आहे. जुन्या घरगुती संगणकांत हे दोन्ही एकच असे: बटण दाबले की यंत्र आज्ञेची वाट पाहत बसे. इथेही तसेच होते.

आता बसवण्याची रीत. पिकोमाइटची फुकट मिळणारी फाइल आधी संगणकावर उतरवून घ्यावी. २०२४ मध्ये निघालेल्या पिको-२ साठी फाइल वेगळी असते, हे पाहून घ्यावे. पट्टीवर बूटसेल असे लिहिलेले पांढरे बटण आहे. ते दाबून धरावे, धरूनच केबल संगणकाला जोडावी, आणि मग सोडावे. पेनड्राइव्ह लावल्यासारखी एक नवी ड्राइव्ह पडद्यावर दिसते. तिच्यात ती फाइल टाकली की ड्राइव्ह आपोआप नाहीशी होते. मुले इथे घाबरतात, पण तसेच व्हायला हवे. साध्या पिकोवरचा हिरवा दिवा संथपणे लुकलुकू लागला की काम झाले. ड्राइव्ह मुळीच दिसली नाही तर पट्टीला बोल लावण्याआधी केबल बदलून पाहावी. फोनबरोबर मिळणाऱ्या काही केबली फक्त वीज नेतात, माहिती नेत नाहीत.

यानंतर संगणकावर टेरा टर्मसारखा टर्मिनल कार्यक्रम उघडून पट्टीचे पोर्ट निवडावे आणि एंटर दाबावे. एक बाणाची खूण उमटते, आणि तिच्यापुढे सारे मोकळे रान! 'प्रिंट' लिहून बेरीज द्या, उत्तर येते. 'मेमरी' लिहा, कुठे किती जागा अडली ते कळते. 'फाइल्स' लिहा, फायलींची यादी मिळते. 'एडिट' लिहिले की लिहिण्याचे पान उघडते. एफ-२ दाबले की लिहिलेले जपले जाते आणि लगेच चालूही होते. एक अक्षर चुकले तर अशी आज्ञा माहीत नाही म्हणून यंत्र इंग्रजीत सांगते. शुद्धलेखनाचा एवढा कडक परीक्षक आम्हा शिक्षकांतही सापडणार नाही.

पहिला पाठ म्हणून आम्ही चिपचे स्वतःचे तापमान दर सेकंदाला छापायला लावतो. चार ओळी पुरतात. चिपवर बोट ठेवून आकडा हलतो का ते मुले पाहतात, आणि कंट्रोल व सी या दोन कळा दाबून यंत्राला थांबवतात. हे थांबवणे त्यांना फार आवडते.

पण खरी गंमत येते ती आपल्या अक्षरांची. या यंत्रात अक्षर म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. इंग्रजी ए ६५ या एका आकड्यात मावतो. आपल्या 'म'ला तीन लागतात: २२४, १६४, १७४. हे तिन्ही आकडे 'सीएचआर' या शब्दाने जोडून छापायला सांगितले आणि टर्मिनल युटीएफ-८ वर ठेवले, तर पडद्यावर 'म' उभा राहतो. यंत्राला मात्र मराठीचा गंध नसतो. लांबी विचारली तर 'मामा' या दोन अक्षरी शब्दाची बारा सांगते, कारण प्रत्येक काना आणखी तीन आकडे घेतो. एका ओळीच्या मजकुराला येथे २५५ आकड्यांची मर्यादा असते, म्हणजे आपल्या अक्षरचिन्हांना ८५ जागा.

पट्टीवर पिकोमाइटची नवी आवृत्ती चढवताना मुलांनी लिहिलेले सारे पुसले जाऊ शकते, म्हणून ते आधी संगणकावर उतरवून ठेवावे. आणि घरी मुलगा स्वतःचे नाव छापू लागला तर त्याला एवढे सांगा: 'क'चा शेवटचा आकडा १४९, कान्याचा १९०, ऱ्हस्व वेलांटीचा १९१. दीर्घ वेलांटीपाशी मात्र शेवटच्या घरातले आकडे संपतात. तिथे मधला १६४ चा १६५ होतो आणि शेवटचा पुन्हा १२८ पासून सुरू होतो.