मुंबईस नोकरीनिमित्त जाणाऱ्यांनी वस्ती कशी निवडावी?

बेळगाव, चिकोडी, निपाणी या भागांतील आपल्या व्यापारी कुटुंबांकडे पाहिले असता असे दिसते की, घरटी एक तरी मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त मोठ्या शहरी राहू लागली आहे. पूर्वी आपली माणसे मुंबईस जात ती मालाच्या खरेदीविक्रीपुरती. धर्मशाळेत दोन रात्री काढून परत येत. विद्यार्थ्यांची सोय शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांच्यासारख्या दूरदृष्टीच्या गृहस्थांनी वसतिगृहे काढून केली होती. १९१५ साली स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने तेच कार्य पुढे नेले. वसतिगृहात मंदिर, शुद्ध भोजन आणि चांगली सोबत या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली मिळत, म्हणून वस्ती कोणती निवडावी हा प्रश्नच उद्भवत नसे. आज जाणारा तरुण कमावता असतो, पुष्कळदा विवाहित असतो, आणि त्याला घर स्वतःच शोधावे लागते. त्या शोधात कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शहराची घडण ध्यानात घेतली पाहिजे. आपले बेळगाव मध्यापासून चहूकडे पसरले आहे. कोठेही घर घेतले तरी बाजारपेठ फार दूर पडत नाही. मुंबईचे तसे नाही. ती दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद आहे, आणि तिची वस्ती लोहमार्गांच्या कडेने वाढली आहे. पश्चिम मार्ग चर्चगेटहून विरारकडे व पुढे डहाणूपर्यंत जातो. मध्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याणकडे जातो व तेथून कसारा आणि कर्जत-खोपोली अशा त्याच्या दोन शाखा होतात. हार्बर मार्ग पनवेलकडे जातो. या मार्गांवरून उत्तर-दक्षिण जाणे सोपे. एका मार्गावरून दुसऱ्या मार्गाकडे आडवे जाणे कठीण. बोरिवली आणि ठाणे नकाशावर शेजारी दिसतात, परंतु मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. ऐरोलीस नोकरी असणाऱ्याने बोरिवलीस घर घेतले, तर त्याचा अर्धा दिवस रस्त्यावरच जावयाचा. म्हणून मुंबईत अंतर मैलांनी मोजू नये; मिनिटांनी आणि गाडी बदलण्याच्या संख्येने मोजावे. घर व कचेरी एकाच मार्गावर असावीत, आणि फार तर एकदाच गाडी बदलावी लागावी, हा पहिला नियम होय. मेट्रोमुळे ही अडचण काही अंशी कमी झाली आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो २०१४ पासून पश्चिम व मध्य मार्गांना जोडते. आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मात्र जो मार्ग आज चालू आहे तोच हिशेबात धरावा. पुढे होणाऱ्या मार्गाच्या भरवशावर आज जास्त भाडे देऊ नये.

दुसरी गोष्ट भाड्याची. आपण धान्याच्या धंद्यातील माणसे जाणतो की, मोंढ्यावरचा भाव आणि आपल्या दारात पडणारा भाव एक नसतो. हमाली, तोलाई, वाहतूक व घट धरल्यावर खरा भाव कळतो. घराचेही तसेच आहे. उदाहरणार्थ, दूरच्या घराचे भाडे महिना १८,००० रुपये व जवळच्या घराचे २८,००० रुपये आहे असे धरू. वरवर पाहता फरक १०,००० रुपयांचा. परंतु दूरच्या घरापासून स्टेशनपर्यंत जाऊन-येऊन रोज ६० रुपये रिक्षास लागतात आणि जवळच्या घराहून पायी जाता येते. महिन्याच्या २४ कामाच्या दिवसांचे १,४४० रुपये झाले. उलट बाजूस, तीन महिन्यांची अनामत धरली तर जवळच्या घरास ३०,००० रुपये जास्त अडकतात. शेकडा ७ दराने त्यांचे व्याज महिना १७५ रुपये. रेल्वेच्या पासाचा फरक किरकोळ असतो, तो सोडून देऊ. तेव्हा खरा फरक ८,७३५ रुपयांचा उरतो. आता दूरच्या घरामुळे रोज दोन तास अधिक जात असतील तर महिन्याचे ४८ तास झाले. म्हणजे जवळचे घर घेणारा तासाला सुमारे १८२ रुपये देऊन आपला वेळ परत विकत घेतो. ज्याचा पगार ६०,००० रुपये आहे व जो महिन्यास २१६ तास काम करतो, त्याचा एक तास सुमारे २७८ रुपयांचा; त्याने जवळचे घर घेणे शहाणपणाचे. ज्याचा पगार ३०,००० आहे, त्याचा तास १३९ रुपयांचा. त्याने दूर राहावे, किंवा दोघा-तिघा मित्रांनी मिळून जवळ जागा घ्यावी. हिशेबाची रीत एकच, उत्तर मात्र ज्याचे त्याला निराळे येते. म्हणून दुसऱ्याने अमुक ठिकाणी घर घेतले, एवढ्यावरून आपण घेऊ नये.

तिसरी गोष्ट अशी की, मुंबईत कामाची जागा स्थिर राहत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लोअर परळच्या त्याच जमिनीवर पुढे कचेऱ्या उभ्या राहिल्या. मशीद बंदराजवळचा धान्याचा घाऊक बाजार खाडी ओलांडून तुर्भ्यास गेला. नाव मात्र अद्याप दाणाबंदर असेच चालते. ऑपेरा हाऊसच्या परिसरातील हिऱ्यांचा मोठा व्यापार २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. जेथे बाजारच्या बाजार उठून जातात, तेथे नोकरदाराची कचेरी बदलणे ही सामान्य गोष्ट आहे. यास्तव गेल्या गेल्या घर विकत घेण्याची घाई करू नये. पहिली दोन वर्षे भाड्याने राहावे, आणि शक्य तर दादर, कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, ठाणे अशा जेथून दोन दिशांस जाता येते त्या स्टेशनांच्या आसपास पाहावे. तेथे भाडे अधिक पडते, पण नोकरी बदलली म्हणून घर हलवावे लागत नाही. आपल्याकडून पुण्यावरून जाणाऱ्या गाड्यांना कल्याण व दादर ही स्टेशने सोयीची पडतात, हेही वृद्ध आईवडिलांच्या जाण्यायेण्याच्या दृष्टीने लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट आपल्या आचाराची. मंदिर जवळ आहे की नाही एवढे पाहून पुष्कळ लोक समाधान मानतात. परंतु ज्याला रात्रिभोजनत्याग पाळावयाचा आहे, त्याने मंदिराइतकाच सूर्यास्ताचा विचार करावा. मुंबईत जूनअखेर व जुलैच्या आरंभी सूर्यास्त सुमारे सव्वासातनंतर होतो. नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमारास होतो. कचेरी सहा-साडेसहाला सुटते. म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात ज्याचे घर अर्ध्या-पाऊण तासावर आहे त्यास घरी पोचून जेवता येईल. हिवाळ्यात मात्र शेजारी राहणाऱ्यासही ते जमणार नाही. त्यासाठी सकाळी दुसरा लहान डबा बरोबर नेणे व साडेपाचच्या सुमारास कचेरीतच दशमी-भाजी खाऊन घेणे हा मार्ग आहे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. व्रत सुटते ते बहुधा अश्रद्धेमुळे सुटत नाही. रोजच्या दोन तासांच्या गर्दीत माणूस थकतो आणि मग एकेक नियम गळून पडतो. मुलाला नियम पाळण्याचा उपदेश करणाऱ्या वडिलांनी त्याच्या घराच्या भाड्यास थोडा हातभार लावला, तर तो उपदेश अधिक फलद्रूप होईल.

पाचवी गोष्ट शेजाऱ्यांची व भाषेची. मुंबईत जैन म्हटले की गुजराती किंवा मारवाडी, अशीच बहुतेकांची समजूत असते. भुलेश्वर, वाळकेश्वर, घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली येथे जैन वस्ती मोठी आहे. बोरिवलीस पोदनपूरचे त्रिमूर्ती दिगंबर मंदिर आहे. मराठी वातावरण हवे असेल तर दादर, विलेपार्ले, ठाणे, डोंबिवली ही नावे पुढे येतात. आपण मराठी बोलणारे जैन या दोहोंच्या मध्ये पडतो. ज्या घरात लहान मुले आहेत, त्यांनी दोन्ही गोष्टी जेथे मिळतात, अशी मुलुंड किंवा विलेपार्ले यांसारखी ठिकाणे आधी पाहावीत. एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शाकाहाराचे निमित्त पुढे करून इतरांना घर नाकारणारी सोसायटी शोधण्यात भूषण मानू नये. आपले स्वयंपाकघर शुद्ध ठेवणे आपल्या हाती आहे. शेजाऱ्याच्या ताटावर हुकमत गाजवणे हा धर्म नव्हे. परमुलखात घर मागताना नकार ऐकणे किती कडू असते, हे परगावी व्यापार केलेल्या आपल्या समाजाने विसरू नये.

सहावी गोष्ट पाण्याची, आणि ती दोन्ही अर्थांनी. पिण्याचे पाणी बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळीच येते. ते किती वाजता व किती वेळ येते, टँकर मागवावा लागतो काय, हे मालकाला न विचारता त्याच जिन्यावरील गृहिणीस विचारावे. पावसाच्या पाण्याचे म्हणाल तर २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही सखल ठिकाणे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. ज्या गल्लीत घर पाहावयाचे, तेथील वाण्याच्या दुकानात जावे आणि धान्याच्या पोत्यांखाली फळ्या किती उंचीवर मांडल्या आहेत ते पाहावे. तो दुकानदार पावसाचे पाणी किती चढते हे नुकसान सोसून शिकलेला असतो. त्याच्या फळ्या खोटे बोलत नाहीत.

घर पसंत करण्यापूर्वी निदान तीनदा जावे: एकदा सकाळी साडेआठला, एकदा सायंकाळी सातला आणि एकदा रविवारी. पोत्याच्या तोंडाशी माल नेहमीच चांगला असतो. परखी तळापर्यंत घातल्याशिवाय आपण सौदा करीत नाही, मग घराचा सौदा एकाच भेटीत का करावा?

शेवटी कागदपत्रांविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असून त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी नको, असे कोणी सांगितल्यास ते मानू नये. अनामत रक्कम बँकेमार्फतच द्यावी, ती केव्हा व कशी परत मिळेल हे करारात लिहून घ्यावे, आणि दलालीची रक्कम घर पाहण्याआधीच ठरवावी.

आपल्या संघटनेस एक नम्र सूचना करावीशी वाटते. सभासदांच्या घरची जी माणसे मुंबईस स्थायिक आहेत, त्यांच्या संमतीने स्टेशनवार एक नोंदवही कार्यालयात ठेवावी. नवीन जाणाऱ्यास त्या भागातील एक परिचित घर मिळाले, तर पहिल्या महिन्याची त्याची अर्धी चिंता दूर होईल. पूर्वजांनी वसतिगृहे बांधली. आपल्याकडून निदान एवढी नोंदवही तरी व्हावी. सुज्ञ वाचकांस अधिक काय सांगावे!