मावळचे सूर – भाग ६ : गायन पार्टीची माणसे

गेल्या आठवड्यात आपण देहूच्या दिंडीतला वाद्यमेळ पाहिला: वीणा, पखवाज आणि टाळ. या वेळी देहूपर्यंत जायचे नाही. पुणे-लोणावळा लोकलमधून देहूरोडला उतरायचे आणि तिथेच थांबायचे. देहू इथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. पण देहूरोडचा स्वतःचा एक सूर आहे आणि मावळातल्या संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

देहूरोड वाढले ते लष्करामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी डेपो आला आणि त्याच्या मागोमाग हाताला काम शोधणारी माणसे आली. घाटावरच्या गावांतून आली, मराठवाड्यातून आली, थेट तमिळ मुलखातूनही आली. गावकीतून सुटून पगारावर काम करणारी दलित कुटुंबे त्यांत मोठ्या संख्येने होती. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच वस्तीत बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून ते त्याच महिन्यात परतले होते आणि नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, हे सिद्ध करणारे पुस्तक लिहिण्याचा मनोदय त्यांनी बोलून दाखवला तोही इथेच, तुकोबांच्या गावाच्या वेशीवर.

तेव्हापासून दर २५ डिसेंबरला देहूरोडला माणसे लोटतात. आणि जिथे अशी गर्दी जमते तिथे गायन पार्टी असतेच.

गायन पार्टी म्हणजे सहा-सात जणांचा ताफा. मधे पेटी घेऊन मुख्य गायक, त्याच्या उजव्या-डाव्या हाताला ढोलकीवाला आणि खंजिरीवाला, मागे टाळ्या धरणारे कोरसवाले. जुन्या पार्ट्यांत तुणतुणे हमखास असे. लाकडी नळकांडे, तळाला ताणलेले कातडे आणि कातड्यातून वर काठीच्या खुंटीपर्यंत गेलेली एकच तार, एवढाच त्याचा संसार. पण ते सूरही देते आणि ठेकाही देते. गायक काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणार असेल तर तुणतुणेवाला खुंटी पिळून तार तिथे नेतो आणि रात्रभर तिथेच ठेवतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, म्हणून हे लोक वरच्या पट्टीत गायला शिकले. आवाजाची ती धार मोकळ्या मैदानानेच घडवली आहे.

ढोलकीकडे जरा निरखून पाहावे. उजव्या तोंडाला वरून शाई, डाव्या तोंडाला आतून मसाला. उजवीकडून कडक, टणटणीत बोल निघतो, डावीकडून घुमारा. गायक अंतरा म्हणत असेतो ढोलकीवाला साधा केरवा धरून मागे राहतो. ध्रुवपदावर कोरस उठला की लग्गी सुरू होते आणि बसलेला माणूस नकळत मांडीवर ताल धरतो. तमाशाच्या फडावर ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, आणि सांभाळणारे बहुतांश महार-मांग समाजातले कलावंत होते.

मला या लेखात जे सांगायचे आहे ते एवढेच. गायन पार्टीत ऐकू येणारा प्रत्येक आवाज कुणाच्या तरी आधीच्या आयुष्यातून आलेला आहे. आकाशातून काही पडलेले नाही आणि शाळेत कुणी काही शिकवलेले नाही.

सुरुवात जलशातून झाली. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन प्रबोधनाचे जलसे उभे केले होते. तीच वाट धरून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या धगीत, नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा काढला. तमाशातली ढोलकी आणि तुणतुणे ठेवले, वगाचा बाज ठेवला. गणात देवाऐवजी माणसाला वंदन आले. वगात सावकार, तलाठी, पाटील आले, शिक्षण आले, मेलेली गुरे ओढायला दिलेला नकार आला. कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले, म्हणून निदान त्या पिढीचा वृत्तांत आपल्या हाती आहे.

दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. मुंबईत गिरणीत राबले, मिळेल ते काम केले. चाळीतल्या एकाने पत्र वाचायला दिले आणि वाचता आले नाही, ती सल घेऊन हा माणूस मोठेपणी अक्षरे गिरवायला बसला, अशी आठवण सांगितली जाते. पहिले गाणे १९४३ चे. त्यानंतर हजारो. दादा वस्तीवस्तीत मुक्काम करत, तिथल्या पोरांना गाणी शिकवत आणि पुढच्या गावाला निघत. आज महाराष्ट्रातली एकही गायन पार्टी अशी नसेल जी त्यांच्या गाण्यावाचून रात्र पार करते.

तिसरी वाट कव्वालीची. गिरणगावातल्या चाळींत हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारी होते, तेव्हा टाळी, तान आणि सवाल-जवाब आपसूक भीमगीतात आले. प्रल्हाद शिंदे त्याच वाटेचे. जन्म १९३३ चा. आईवडील गाऊन पोट भरणारे, पोरगाही त्यांच्यासोबत गात हिंडला आणि मग मुंबईत कव्वालीच्या पार्टीत कोरसला बसला. याच गळ्यातून भीमगीते आली आणि याच गळ्यातून ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ आले. देहूला जाणारा वारकरी आणि देहूरोडला येणारा उपासक, दोघेही हा आवाज आपला मानतात. मला यात विसंगती दिसत नाही. आईच्या तोंडून ऐकलेले भजन गळ्यात असतेच, ते कुणी काढून टाकू शकत नाही.

काढून टाकले ते वेगळेच काही होते. गावकीत हलगी वाजवणे हे काम होते, हक्काचे म्हणून लादलेले. सण कुणाचा, लग्न कुणाचे, वाजवायचे यांनी, आणि बदल्यात शिळेपाके. हलगीचे कातडे विस्तवावर शेकून ताणायचे आणि पहाटेपर्यंत उभे राहायचे. चळवळीने ही सक्ती झुगारली तेव्हा कित्येक घरांतून हलगीच गेली. कलेच्या प्रेमाने हळहळणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवे. वाद्य सोडल्याचे दुःख आहे, पण लाचारी सोडल्याचे मोल त्याहून मोठे आहे. पुढच्या पिढीने हलगी पुन्हा हाती घेतली, ती स्वतःच्या मिरवणुकीत, स्वतःच्या इच्छेने. विठ्ठल उमपांसारख्या लोकशाहिरांनी लोकवाद्यांना रंगमंचावर मान मिळवून दिला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला कार्यक्रमातच उमपांचा देह पडला.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी २३ जूनला. सव्वा महिन्यात दोन खांब कोसळले. आता पार्टीत ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले, मिरवणुकीत डीजे आला. मोठ्या मैदानाला मोठा आवाज लागतो, हे मान्य. पण ढोलकीच्या लग्गीला गायक जसा उत्तर देतो तसे उत्तर यंत्रात भरून ठेवलेल्या ठेक्याला देता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पार्टीतला वादक गायकाचा श्वास ऐकून वाजवतो.

वादक बहुतेक हौशीच असतात. दिवसा नोकरी, रात्री सामना. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एकीने गाण्यात प्रश्न टाकला की दुसरीने गाण्यातच उत्तर द्यायचे. श्रोता उठून बक्षिसाची नोट देतो, गायक गाणे थांबवून त्याचे नाव पुकारतो आणि मग तोच अंतरा पुन्हा घेतो.

या गाण्यांतली फार थोडी ध्वनिमुद्रित झाली. उरली ती मेळाव्यातल्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या छोट्या चोपड्यांत, घरगुती कॅसेटमध्ये आणि म्हाताऱ्या कोरसवाल्यांच्या तोंडी. वाचकहो, तुमच्या घरात अशी चोपडी किंवा कॅसेट असेल तर रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढा, कॅसेट उतरवून घ्या, आणि आजोबा कधीकाळी पार्टीत बसत असतील तर त्यांना या रविवारी गायला सांगा, कुणाकडून शिकलात तेही विचारून लिहून ठेवा.

(पुढील भागात : वाघ्या-मुरळीची दिमडी)