कातळावरील परसबागेसाठी जस्ती पत्र्याचा उंच वाफा

पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोकणात पाण्याला तोटा नसतो; परंतु घरच्या भाजीला तोटा पडतो तो नेमका याच दिवसांत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पुष्कळ वाड्या जांभ्याच्या कातळावर वसलेल्या आहेत. घराभोवती मातीचा थर वीतभर, क्वचित त्याहूनही कमी. या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. खाली कातळ आणि वर पाऊस अशा स्थितीत पाणी मुळांशी साचून राहते. मुळांना हवा मिळत नाही, रोपे पिवळी पडतात व कुजतात. मग ज्या घरच्या अंगणात पाणी वाहत असते, त्याच घरची गृहिणी बाजारातून चढ्या भावाने भाजी आणते, अथवा भाजीवाचून भागविते. कुटुंबातील मुलांच्या आहारात पालेभाजी नसावी, ही गोष्ट साधी समजून सोडून देण्यासारखी नाही.

यावर उपाय म्हणजे मुळांना पाण्याच्या पातळीच्या वर उचलून घेणे. हे तत्त्व आपल्या शेतकऱ्यास नवीन नाही. मिरची, वांगी, कांदा यांची रोपे आपण गादीवाफ्यावरच करतो. परंतु नुसत्या मातीच्या गादीवाफ्याच्या कडा कोकणातील पावसात टिकत नाहीत. आषाढ सरेपर्यंत अर्धी माती वाहून गेलेली असते. म्हणून कडेला आधार हवा. जेथे जांभ्याचे चिरे हाताशी असतील तेथे चिऱ्यांची कड उत्तमच. पण घराचे किंवा गोठ्याचे छप्पर बदलताना निघालेला जस्ती पत्रा आणि चार लाकडे घरात पडून असतील, तर त्यांतून चांगला टिकाऊ वाफा तयार होऊ शकतो. अशा वाफ्याची कृती या लेखात दिली आहे.

वाफा कोठे करावा व कोठे करू नये

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पत्र्याची चौकट भाजी पिकवीत नाही. भाजी पिकविते ती माती. ज्याच्या परसात निचऱ्याची खोल माती आहे, त्याने या चौकटीवर एक रुपयाही खर्च करू नये. त्या पैशाचे शेणखत घ्यावे. तसेच घाटावरील कमी पावसाच्या भागात उंच वाफा लवकर सुकतो. तेथे सपाट वा किंचित खोलगट वाफाच हितावह होय.

जमिनीची परीक्षा सोपी आहे. दीड फूट खोल व तितकाच रुंद खड्डा खणावा. दीड फुटाच्या आत कातळ लागला, तर उंच वाफा करण्यास कारण आहे. कातळ लागला नाही, तर खड्डा पाण्याने भरावा. चोवीस तासांनंतरही पाणी उभे असेल, तरी हा वाफा उपयोगी पडेल. पाणी मुरून गेले, तर साध्या गादीवाफ्याने काम भागेल.

जागा निवडताना दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल हे पाहावे. आंबा वा फणसाच्या सावलीत भाजी नीट येत नाही. छपराच्या पागोळ्यांखाली वाफा मुळीच धरू नये.

लागणारे साहित्य

आठ फूट लांब व चार फूट रुंद हे माप सोयीचे आहे. चार फूट रुंदी असली म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पायाखाली दबलेली माती पुन्हा भुसभुशीत करणे कष्टाचे असते. वाफा भिंतीला लागून करावयाचा असेल, तर रुंदी दोन फुटांहून अधिक ठेवू नये.

नागमोडी जस्ती पत्रा सामान्यतः ८०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३२ इंच रुंद असतो. बारा फूट लांबीचा असा एकच पत्रा या वाफ्यास पुरतो. तो प्रथम आठ फूट आणि चार फूट असा आडवा तोडावा. नंतर प्रत्येक तुकडा लांबीच्या दिशेने मधोमध चिरावा. अशा रीतीने सोळा इंच उंचीच्या दोन लांब व दोन आखूड बाजू मिळतात आणि काहीही वाया जात नाही.

लाकडाचे तीन इंच जाडीचे, अडीच फूट लांबीचे दहा खुंट लागतात: चार कोपऱ्यांस, दोन-दोन लांब बाजूंस आणि एक-एक आखूड बाजूंस. याखेरीज वरच्या कडेवर बसविण्यासाठी चार इंच रुंदीची पट्टी चोवीस फूट घ्यावी. लाकूड साग, ऐन किंवा किंजळ यांचे, आणि तेही गाभ्याचे असावे. बाहेरचे पांढरट लाकूड वाळवी लवकर खाते. खिळ्यांऐवजी छपराला वापरतात ते वॉशर असलेले स्क्रू घ्यावेत.

कोणते साहित्य वापरू नये

काटकसर करताना पुढील वस्तू कटाक्षाने टाळाव्यात. कारण या वाफ्यातील भाजी घरातील लहान मुलेही खाणार आहेत.

सिमेंटचा जुना पत्रा : यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो कापताना वा फोडताना उडालेली धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि तीपासून फुप्फुसाचे गंभीर विकार व कर्करोगही होऊ शकतो. ‘पत्रा’ या एकाच शब्दाने दोन्ही वस्तू ओळखल्या जात असल्याने कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास हा फरक प्रत्यक्ष दाखवून द्यावा.

रंगाचे पोपडे सुटलेला जुना पत्रा : जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो.

औषधांची वा रसायनांची पिंपे : कितीही धुतली तरी ती भाजीच्या वाफ्यास योग्य होत नाहीत.

रेल्वेचे जुने स्लीपर व जळके ऑइल लावलेले लाकूड : वाळवीवर उपाय म्हणून गावोगावी खांबांना मोटारीचे जळके ऑइल फासतात. कुंपणाच्या खांबाचे एक वेळ चालेल; भाजीच्या मातीला ते लागता कामा नये. लाकडास काही लावावयाचेच असेल, तर जवसाचे कच्चे तेल लावून ते पुरते सुकू द्यावे.

साध्या जस्ती पत्र्याविषयी काही शेतकरी शंका विचारतात. जस्त हे पिकालाही अल्प प्रमाणात लागणारे अन्नद्रव्य आहे आणि साधारण मातीत पत्र्यापासून सुटणारे जस्त फार थोडे असते. मात्र माती तीव्र आम्ल असल्यास जस्ताचा थर लवकर झिजतो व मातीत अधिक जस्त उतरते. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. म्हणून वाफ्यात भरावयाच्या मातीची तपासणी करून घ्यावी आणि शिफारस झाल्यास चुना घालावा. त्याने पत्रा व पीक या दोहोंचे हित साधते.

चौकटीची उभारणी

पत्रा कात्रीने कापावा व हातात जाड मोजे असावेत. कापलेल्या पत्र्याची धार सुरीसारखी असते. जखम झाल्यास ती क्षुल्लक न मानता धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

दोऱ्या लावून वाफ्याची आखणी करावी. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे. कर्ण समान भरले म्हणजे कोपरे बरोबर आले असे समजावे. वाफ्याची आखूड बाजू पश्चिमेस ठेवावी. चैत्र-वैशाखातील तिसऱ्या प्रहरी पत्रा फार तापतो, तेव्हा तापणारी बाजू जितकी लहान तितकी बरी.

प्रत्येक खुंट सव्वा फूट जमिनीत व सव्वा फूट वर राहील असा पुरावा आणि भोवतीची माती ठोकून घट्ट करावी. कोपऱ्यांचे खुंट पत्र्याच्या आतील बाजूस येतील व मधले खुंट बाहेरील बाजूस राहतील, अशी रचना करावी. यात हेतू आहे. भिजलेली माती पत्र्यास बाहेर ढकलते. बाहेर खुंट असल्यास पत्रा त्यावर टेकतो, स्क्रूवर ताण येत नाही, आणि लाकूडही ओल्या मातीपासून दूर राहते. कोपऱ्यांत मात्र दोन पत्रे एकाच खुंटास जोडावयाचे असल्याने तो आत घेणे भाग आहे. तेथे प्रत्येक पत्र्यास निदान चार स्क्रू द्यावेत.

पत्र्याच्या नाळी आडव्या ठेवाव्यात. पत्रा नाळीच्या दिशेने ताठ असतो, म्हणून तो एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत वाकत नाही. कापलेली कड वर व मूळची अखंड कड खाली, जमिनीत एक इंच जाईल अशी बसवावी. वरच्या कापलेल्या कडेवर लाकडी पट्टी खुंटांना पक्की करावी. त्यामुळे धार झाकली जाते आणि काम करताना हात टेकण्यास जागा होते. ही पट्टी न लावता वाफा कोणी वापरू नये, विशेषतः ज्या घरी लहान मुले आहेत तेथे.

खाली कातळच असेल तर

कातळात खुंट पुरता येत नाहीत. अशा ठिकाणी खुंट सोळा इंचांचेच घ्यावेत आणि बाहेरून खालच्या बाजूसही एक पट्टी सर्व बाजूंनी फिरवावी. समोरासमोरच्या मधल्या खुंटांना जाड जस्ती तारेने वाफ्याच्या आतून आरपार बांधावे व तारेस पीळ देऊन ती ताणून घ्यावी. ही तार टाळू नये. एवढ्या मापाच्या वाफ्यातील भिजलेली माती एक टनाहून अधिक भरते. चौकट मोडते ती बहुधा भर पावसात, लांब बाजूच्या मध्यातून किंवा कोपऱ्यातून. आणि त्या वेळी माती, खत व पीक ही तिन्ही एकदम जातात.

कातळाच्या उताराकडील बाजूस पत्र्याखाली बोटभर फटी राहू द्याव्यात आणि माती वाहू नये म्हणून तेथे आतून खडी लावावी. तळाशी दगडांचा जाड थर देण्याची मात्र आवश्यकता नाही. त्याने निचरा सुधारत नाही. मुळांना मिळणारी खोली तेवढी कमी होते. तळाला प्लॅस्टिकही अंथरू नये.

वाफा भरणे

तळाशी चार इंच नारळाची सोडणे व वाळलेला पालापाचोळा दाबून भरावा. सोडणे पाणी धरून ठेवतात व मातीची बचत होते. वाळवीचा उपद्रव अधिक असलेल्या जागी मात्र हा थर वगळून मातीच भरावी. त्यावर नऊ इंच मिश्रण घालावे. यासाठी सोळा घनफूट माती व आठ घनफूट चांगले कुजलेले शेणखत लागते; म्हणजे दोन भाग माती आणि एक भाग खत. सर्व मिळून हे मिश्रण पाव ब्रास भरते. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने रोपे करपतात व हुमणीसारख्या किडीस आमंत्रण मिळते. वरचे दोन इंच मोकळे ठेवावेत.

हे काम वैशाखात उरकावे. मृग लागण्यापूर्वी दोन-तीन वेळा पाणी देऊन माती बसू द्यावी व खचलेला भाग भरून काढावा.

पिके आणि पाणी

खरिपात भेंडी, चवळी, मुळा व लाल माठ घ्यावा. भेंडीत परभणी क्रांती हा वाण हळद्या रोगास बऱ्याच अंशी दाद देत नाही. चवळीसाठी दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने दिलेला कोकण सदाबहार हा वाण आहे. पडवळ, दोडका वा कारले यांचे दोन वेल पश्चिमेच्या कडेस लावून मांडवावर चढवावेत. उन्हाळ्यातही त्या बाजूस वेल ठेवल्यास पत्र्यावर सावली राहते. पावसाळा संपताच वांगी, मिरची, मेथी व पालक यांची पाळी येते. एकाच जागी वांगी, मिरची व टोमॅटो एकापाठोपाठ घेऊ नयेत, कारण त्यांचे रोग समान आहेत.

उन्हाळ्यात या वाफ्यास दररोज सुमारे अठरा लिटर, म्हणजे सव्वा बादली पाणी लागते. पत्र्यालगतची माती प्रथम सुकते, म्हणून पाणी कडेने सुरुवात करून द्यावे. भाताचा पेंढा वा पालापाचोळा दोन इंच अंथरल्यास पाण्याची बचत होते.

दरवर्षी मे महिन्यात माती दोन-तीन इंच खाली गेलेली आढळेल. तेवढे शेणखत किंवा कंपोस्ट घालावे. त्याच वेळी स्क्रू आवळावेत, तारेचा पीळ तपासावा आणि खुंटांभोवती वाळवीची माती दिसल्यास ती काढून टाकावी.

कार्यकर्त्यांस सूचना

गावात प्रथम एकच वाफा करावा व तोही जुन्या साहित्यातून. नवा पत्रा व नवे लाकूड विकत घेऊन केलेले प्रात्यक्षिक लोक पाहतात, वाखाणतात आणि आपल्या घरी करीत नाहीत. ज्या घरी तो वाफा असेल त्या घरच्या गृहिणीने कोणती भाजी किती वेळा काढली, हे वहीत टिपण्यास सांगावे. दिवाळीपर्यंतची ती टिपणे आणि तेवढ्या भाजीस बाजारात पडली असती ती किंमत, या दोन गोष्टी शेजाऱ्यांसमोर ठेवाव्यात. वाफा करावा की न करावा, याचा निर्णय त्यांना त्यावरून सहज घेता येईल.