निळा गणवेश चढवला म्हणून विमान हाती येत नाही

गडचिरोली जिल्ह्याला हेलिकॉप्टरचं नवल नाही. निवडणूक आली की दक्षिणेकडच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरनंच पोहोचवली जातात. पण आरमोरीच्या पोरापोरींसाठी विमान चालवणं ही अजूनही फार लांबची गोष्ट आहे, आणि लांबच्या गोष्टींबद्दल अफवाच जास्त कानावर येतात. एनसीसीच्या हवाई विभागाचं, म्हणजे ‘एअर विंग’चं, असंच झालं आहे.

पहिली अफवा अर्थातच पायलट होण्याची. एअर विंगमध्ये नाव लागलं की विमान शिकवतात, परवाना मिळतो, पुढे इंडिगोत नोकरी! प्रत्यक्षात एनसीसी १९४८च्या कायद्यानं उभी राहिली आणि १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकात्यात एकेका स्क्वॉड्रननं तिचा हवाई विभाग सुरू झाला. तेव्हापासून त्याचा हेतू विमानविद्येची गोडी लावणं हाच आहे. कॉलेजच्या कॅडेटला दोन आसनी मायक्रोलाइट विमानात उड्डाणाचा अनुभव मिळतो, शेजारी प्रशिक्षक असतो. व्यावसायिक पायलटच्या परवान्याला मात्र दोनशे तासांचं उड्डाण लागतं, शिवाय बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. ते हवं असेल तर रस्ता वेगळा. वडशाहून रेल्वेनं गोंदिया गाठलं की बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहेच, पण तिथला खर्च लाखांत मोजावा लागतो. कॅडेटचा बराचसा वेळ जमिनीवरच जातो: कवायत, विमानं ओळखणं, हवामान, उड्डाणाची तत्त्वं आणि एरोमॉडेलिंग. हा शेवटचा विषय लोक पोरखेळ समजतात. मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. बाल्साचं हलकं लाकूड कापून, चिकटवून पंख बनवायचा आणि तो तोल का धरत नाही हे डोकं खाजवत शोधायचं, यात जेवढं विमान कळतं तेवढं खिडकीशी बसून कळत नाही.

‘आमच्या पोराचं नाव एअर विंगमध्ये घाला’ असं पालक म्हणतात, तेव्हा दुसरा गैरसमज दिसतो. एनसीसीत घरून एकट्यानं दाखल होता येत नाही. प्रवेश शाळा-कॉलेजमार्फत, तेही त्या संस्थेला युनिट मंजूर असेल तरच. आणि कोणती विंग हेही संस्थेच्या मंजुरीवर ठरतं, मुलाच्या आवडीवर नाही. विदर्भात एअर स्क्वॉड्रन नागपूरला आहे. आरमोरीहून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत एसटीनं तिथे पोहोचेपर्यंत अर्धा दिवस मोडतो, म्हणजे दर आठवड्याच्या परेडला हे जमणारं नाही. या पट्ट्यात एनसीसी म्हणजे बहुतेक ठिकाणी खाकीतली आर्मी विंग. त्यात काही कमीपणा नाही, पण एक फरक आधीच माहीत असलेला बरा. हवाई दलात एनसीसीच्या खास वाटेनं अधिकारी व्हायचं तर एअर विंगचंच ‘सी’ प्रमाणपत्र लागतं. आर्मी विंगचं ‘सी’ असेल तर ती वाट बंद आणि लष्कराची खुली. हवाई दलाची नेहमीची लेखी परीक्षा मात्र कोणीही पात्र पदवीधर देऊ शकतो.

हे ‘सी’ प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची पावती, हा समज पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांमध्ये पक्का रुजलेला आहे. केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई भरतीत ‘सी’ला पाच टक्के, ‘बी’ला तीन आणि ‘ए’ला दोन टक्के गुण वाढवून मिळतात. धावणं, उंची, लेखी परीक्षा यांतून सूट नाही. अधिकारीपदाच्या खास प्रवेशात लेखी परीक्षा टळते, पण निवड मंडळाच्या कित्येक दिवस चालणाऱ्या मुलाखती आणि चाचण्या टळत नाहीत. शिवाय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायलाच पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि दहा दिवसांचं शिबिर करावं लागतं. शिबिर धानकापणीत आलं तर घरी काय होतं, ते इथल्या कुठल्याही कॅडेटला विचारा.

भीतीचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. धानोरा, कोरची, एटापल्लीकडच्या घरांमध्ये वर्दी म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईत बसून समजणं कठीण आहे. पोराच्या अंगावर खाकी दिसली तर कुणाच्या डोळ्यांत खुपेल, उद्या पोलिसांचा माणूस म्हणून नाव घेतील, ही आईबापांची काळजी हवेतून आलेली नाही. नक्षलवादाच्या छायेत अनेक वर्षं या जंगलानं ते भोगलं आहे. म्हणून वस्तुस्थिती नीट सांगायला हवी. कॅडेटला पोलिसांचे कसलेही अधिकार नसतात. रायफल परेडपुरती हातात येते, घरी नेता येत नाही. केवळ एनसीसीत नाव आहे म्हणून कुणालाही प्रत्यक्ष लष्करी सेवेला बोलावता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. आणि तीन वर्षांनंतर सैन्यात न जाता शिक्षक झालात तरी कोणी जाब विचारत नाही.

मुलींना विमान देत नाहीत, हे ऐकलं की मी फक्त शिवांगी सिंह यांचं नाव सांगतो. राफेल चालवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. त्या वाराणसीच्या एअर विंगच्या कॅडेट होत्या.

इंटरनेटवर अमेरिकेचे व्हिडिओ बघणाऱ्यांचा गोंधळ जरा निराळा. तिथे १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झालेली ‘सिव्हिल एअर पॅट्रोल’ आहे. प्रौढ नागरिक स्वयंसेवक म्हणून विमानं उडवतात, हरवलेल्यांचा शोध घेतात, आणि मुलंही त्याच संघटनेत कॅडेट असतात. आपल्याकडे अशी नागरी संघटना नाही. एनसीसी संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली चालते, तिचा कॅडेट पूर आला म्हणून वैनगंगेवर विमान घेऊन फिरत नाही. पण सेवा नाही असंही नाही. एप्रिल २०२०मध्ये ‘योगदान’ मोहिमेत अठरा वर्षांवरचे कॉलेजचे कॅडेट स्वखुशीनं उतरले. मदतवाटप, हेल्पलाइन, रांगा आणि रहदारी सांभाळणं अशी कामं त्यांनी केली. कायदा-सुव्यवस्था किंवा साथीचे हॉटस्पॉट यांपासून त्यांना दूर ठेवायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

कॅडेटची मोजदाद सगळे करतात, शिक्षकाची कोणी करत नाही. शाळेत एनसीसी चालते ती एका शिक्षकाच्या जिवावर. सहयोगी एनसीसी अधिकारी होणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी नागपूरजवळच्या कामठीच्या अकादमीसारख्या ठिकाणी जाऊन प्रशिक्षण घ्यावं लागतं. परतल्यावर वर्ग, पेपर तपासणी आणि जनगणनेसारखी सरकारी कामं सांभाळून परेड घ्यायची, शिबिराला मुलांसोबत जायचं, कपड्या-बुटांचा हिशेब ठेवायचा. मानधन मिळतं, पण त्यासाठी हे कोणी करत नाही. युनिटची मागणी संस्थेला करावी लागते, आणि तिच्यासोबत मैदान, सामानाची खोली आणि या कामाला तयार असलेला एक शिक्षक दाखवावा लागतो. मैदान आरमोरीत मिळेल. खोलीही रिकामी करता येईल. म्हणून जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभं राहिलात की मुलाच्या विंगबद्दल नंतर विचारा, आधी मुख्याध्यापकांना विचारा की तुमच्याकडून कामठीला कोण जायला तयार आहे.