नाव हरवलेल्या चित्रपटाचा माग

कधीकाळी पाहिलेल्या चित्रपटातील एखादा प्रसंग, एखादा पोशाख किंवा गाण्याच्या चालीचा तुकडा लख्ख आठवतो, पण चित्रपटाचे नाव काही केल्या आठवत नाही, हा अनुभव बहुतेक प्रेक्षकांना केव्हा ना केव्हा येतोच. असा चित्रपट आंतरजालावर सापडला तर ते नशीब समजले जाते आणि सापडला नाही तर दोष शोधयंत्राला दिला जातो. वस्तुतः हा शोध म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी करावयाचे काम असून, शोधणाऱ्याने आपली आठवण किती काटेकोरपणे तपासून घेतली आहे, यावर त्याचे यश मुख्यतः अवलंबून असते.

आठवण तपासावी लागते, कारण ती घटनेची जशीच्या तशी नोंद नसते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात एका प्रयोगमालेचे वर्णन आहे. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून सांगायला लावली. कथेतील तरुण सील प्राण्यांच्या शिकारीसाठी निघालेले असताना पुनर्कथनात ते मासेमारीला निघाले आणि त्यांची ‘कनू’ ही विशिष्ट नौका साधी होडी झाली. अपरिचित तपशिलाच्या जागी परिचित तपशील बसवण्याची मनाची ही रीत चित्रपटाच्या आठवणीलाही लागू पडते. म्हणूनच दुय्यम नटाच्या जागी प्रसिद्ध नट आठवतो आणि दोन चित्रपटांतील प्रसंग एकाच कथेत मिसळून जातात.

त्यामुळे शोधाची पहिली पायरी संगणकापुढे बसण्यापूर्वीच येते. जे आठवते ते कागदावर तीन भागांत लिहून काढावे: प्रत्यक्ष पाहिल्याचे किंवा ऐकल्याचे पक्के आठवणारे तपशील, त्यांवरून बांधलेले अंदाज, आणि चित्रपट कोठे, केव्हा व कोणत्या पडद्यावर पाहिला याची माहिती. हा तिसरा भाग सहसा दुर्लक्षिला जातो, पण तोच सर्वांत भरवशाचा ठरतो. दूरदर्शनवर पाहिल्याचे वर्ष म्हणजे प्रदर्शनाचे वर्ष नव्हे; ती केवळ वरची मर्यादा असते, म्हणजे चित्रपट त्या वर्षानंतरचा असू शकत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ‘चित्रपट कृष्णधवल होता’ या आठवणीचीही अशीच पारख करावी लागते, कारण भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाल्यानंतरही अनेक घरांत कृष्णधवल संच वर्षानुवर्षे चालू होते आणि रंगीत चित्रपटही त्यांवर कृष्णधवलच दिसत.

दुसरी पायरी शब्दनिवडीची आहे. संगणकतज्ज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलेले एक तत्त्व येथे उपयोगी पडते: जो शब्द फार थोड्या दस्तऐवजांत आढळतो, तो हवा तो दस्तऐवज वेगळा काढण्यास अधिक समर्थ असतो. ‘प्रेम’, ‘सूड’, ‘गाव’, ‘पाटील’ हे शब्द शेकडो मराठी कथासारांत असल्यामुळे त्यांनी काहीच गाळले जात नाही. याउलट कथेच्या ओघात क्षुल्लक वाटणारा, पण इतरत्र न आढळणारा व्यवसाय, वस्तू किंवा नाते शोधाला दिशा देते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, १९९० पूर्वी दूरदर्शनवर पाहिलेला एक विनोदी मराठी चित्रपट शोधायचा आहे. त्यात एक भूत आहे आणि दिलीप प्रभावळकर आहेत, एवढेच प्रेक्षकाला आठवते. एवढ्या सामग्रीवर ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४) ही नावे ठळकपणे पुढे येतात, कारण दोन्ही लोकप्रिय आहेत आणि दोन्हींत प्रभावळकर आहेत. परंतु कालमर्यादेच्या एकाच निकषावर दोन्ही बाद होतात. आता कागदावरील आणखी दोन तपशील घ्यावेत: प्रभावळकर स्वतः भूत नसून गावच्या शाळेतील मास्तर होते, आणि भुताच्या अंगावर ऐतिहासिक काळातील पोशाख होता. भुताची भूमिका अशोक सराफ यांची असल्याचे अंधुक आठवत असेल, तर ‘भुताचा भाऊ’ (१९८९) हे नाव समोर येते आणि ते कालमर्यादेतही बसते. मात्र मास्तर आणि ऐतिहासिक पोशाख यांचा मेळ त्याच्याशी बसत नाही. ‘मास्तर’ आणि ‘भूत’ हे दोन शब्द नटांच्या नावांसह एकत्र शोधले की ‘एक डाव भुताचा’ (१९८२) हा चित्रपट हाती लागतो, ज्यात अशोक सराफ यांनी खंडोजी फर्जंदाचे भूत रंगवले आहे.

याच चित्रपटापर्यंत एक आडवाटही जाते. त्याचे लेखन द. मा. मिरासदार यांचे असून हेडमास्तरांची भूमिकाही त्यांनीच केली होती. त्यामुळे २०२१ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखांतही या चित्रपटाचा उल्लेख सापडतो. चित्रपटाविषयी थेट लिहिलेला मजकूर अपुरा असला, तरी लेखक, संगीतकार किंवा चरित्र-अभिनेता यांच्यावरील मृत्युलेख आणि मुलाखती ही उणीव पुष्कळदा भरून काढतात.

शोधयंत्राची काही साधने या कामात नित्य वापरावी लागतात. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातला की तो त्याच क्रमाने असलेली पाने पुढे येतात. नको असलेल्या चित्रपटाच्या नावाआधी वजाचे चिन्ह दिले की त्याचे निकाल गाळले जातात. मराठीसाठी लिपीचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो: ‘भुताचा’ हा शब्द रोमन लिपीत कोणी ‘यू’ अक्षराने लिहितो, तर कोणी दोन ‘ओ’ जोडून, आणि देवनागरीतही ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे तपासणे श्रेयस्कर. ‘आयएमडीबी’ या चित्रपटकोशात दोन कलाकारांची नावे देऊन दोघांनी एकत्र काम केलेले चित्रपट काढता येतात. गाण्याची ओळ आठवत असल्यास ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. केवळ चाल आठवत असल्यास ती गुणगुणून शोधण्याची सोय गूगलने २०२० साली उपलब्ध केली.

शेवटची पायरी पडताळणीची. नाव सापडल्याचा आनंद आठवणीला त्या नावाशी जुळवून घ्यायला लावतो, म्हणून सुरुवातीला लिहिलेल्या कागदाशी ताडून, विशेषतः न जुळणारे तपशील शोधून, आणि शक्य असल्यास तो प्रसंग प्रत्यक्ष पाहूनच निर्णय करावा. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना ही कसोटी अधिकच कडकपणे लावली पाहिजे, कारण ती अस्तित्वात नसलेले कथानकही खऱ्या चित्रपटाच्या नावावर विश्वासार्ह भाषेत मांडू शकतात. कधी शोधाचे उत्तर ‘असा चित्रपटच नाही’ हेही असते. विनोदी अभिनेता सिनबाद याने जिनची भूमिका केलेला ‘शझाम’ नावाचा चित्रपट पाहिल्याचे अनेक अमेरिकन प्रेक्षक आजही सांगतात. प्रत्यक्षात तो कधीच निघाला नाही, मात्र बास्केटबॉलपटू शकील ओ’नील जिनच्या भूमिकेत असलेला ‘कझाम’ १९९६ साली प्रदर्शित झाला होता.

हे सारे तंत्र अखेर एकाच गोष्टीवर उभे आहे: कोणीतरी, कोठेतरी, ते कथानक लिहून ठेवलेले असले पाहिजे. जुन्या मराठी चित्रपटांपैकी अनेकांच्या बाबतीत नाव, वर्ष आणि प्रमुख नट यांपलीकडे मजकूर मिळत नाही, आणि जे लिहिलेलेच नाही ते कोणतेही शोधयंत्र शोधू शकत नाही. म्हणून ज्यांच्या हाती हरवलेला चित्रपट लागतो, त्यांनी त्याचे कथासार, दुय्यम कलाकार आणि गाणी मराठी विकिपीडियासारख्या खुल्या ठिकाणी देवनागरीत नोंदवावीत. पुढच्या शोधकाचे अर्धे काम त्या एका नोंदीने होईल.