पन्नास मायक्रॉन

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या ज्या पट्ट्यात एकेकाळी रासायनिक कारखान्यांच्या धुरांड्यांची दाटी होती, त्याच पट्ट्यात ऐरोलीपासून महापेपर्यंत आता खिडक्यांवाचूनच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत; आणि आपण ज्याला बँकेची खतावणी किंवा कचेरीचे दप्तर म्हणतो, ते हल्ली अशाच इमारतींत मुक्कामाला असते. तिकडे जाण्याचे कारण एवढेच घडले की, एका परिचित अभियंत्याने बोलण्याच्या ओघात सांगितले, एका पतसंस्थेचे व्यवहार पुष्कळ दिवस अधूनमधून अडखळत होते आणि कसून शोध घेतल्यावर त्याचे मूळ निघाले एका तारेच्या टोकावर बसलेल्या धुळीच्या कणात. यंत्र शाबूत होते, प्रोग्रॅमही बिनचूक होता. हे ऐकल्यापासून ती तार जोडण्याचे काम प्रत्यक्ष पाहावे असे मनाने घेतले, आणि रीतसर परवानगी काढून मी एका रात्री तेथे दाखल झालो.

त्या रात्री दोन नवे सर्व्हर स्टोरेजला जोडायचे होते. अशा व्यवस्थेत सर्व्हर हिशेब करतो, परंतु कीर्द स्वतःजवळ ठेवीत नाही. ती वेगळ्या कपाटातील स्टोरेजमध्ये राहते, आणि दोहोंमधला रस्ता फायबर चॅनेल नावाच्या पद्धतीने बांधलेला असतो. या पद्धतीला अमेरिकेच्या मानक संस्थेची मान्यता 1994 साली मिळाली. येथील जोडणी 32 गिगाबिट वेगाची होती. मला त्या वेगापेक्षा त्यामागील शिस्त अधिक मोलाची वाटली : पलीकडच्या टोकाने ‘माझ्याकडे जागा आहे’ अशी हमी आधी दिल्याखेरीज अलीकडच्याने माहितीची एकही फ्रेम पाठवायची नाही, असा येथील दंडक आहे.

जोडणी करणारा तंत्रज्ञ साताऱ्याकडचा, आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, ठेकेदाराच्या पटावरचा तरुण होता. सर्व्हर रॅकमध्ये बसवणे, त्याच्या पोटात स्टोरेजच्या रस्त्याशी जोडणारे एचबीए कार्ड खोचणे, वाटा जुळवणाऱ्या स्विचमध्ये तारेचे टोक घेणारे एसएफपी बसवणे ही कामे त्याने सरावाने उरकली. मग त्याने फिकट निळसर-हिरव्या रंगाची पॅच कॉर्ड हातात घेतली, आणि त्याची गती एकाएकी मंदावली.

“सर, जोडायला दोन मिनिटं लागत नाहीत. वेळ जातो तो बघण्यात,” तो म्हणाला. “पन्नास मायक्रॉनचा मामला आहे.”

त्या तारेच्या टोकाशी सव्वा मिलिमीटर व्यासाची पांढरी सिरॅमिकची नळी असते. तिच्या मधोमध 125 मायक्रॉनचा काचतंतू, आणि त्याच्याही गाभ्यात, जेथून प्रकाश जातो तो भाग, अवघा पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केस बहुधा याहून जाड भरतो. त्याने टोक तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकात धरले, तेव्हा लहानशा पडद्यावर एक करडी चकती उमटली, आणि तिच्या कडेशी बोटाच्या तेलकटपणाचा एक पुसट डाग व मध्याजवळ दोन काळे ठिपके स्पष्ट दिसले. तार नवी होती, तिचे टोपण नुकतेच माझ्यादेखत निघाले होते. त्याने पेनासारखे दिसणारे सफाईचे साधन टोकावर दाबले, ‘टक्’ असा आवाज झाला, पुन्हा पाहिले. एक ठिपका उरला होता. तेव्हा त्याने अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडावर टोक फिरवले, नंतर कोरड्यावर, आणि तिसऱ्यांदा पाहिले. त्या थंड, गंधहीन दालनात अल्कोहोलचा तो तीव्र वास क्षणभर दरवळला. रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत येतो तोच तो वास. चकती आता निष्कलंक होती.

काचतंतूचा सारा इतिहासच मलिनतेशी झालेल्या झगड्याचा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेल्याचा वृत्तांत 1954 साली प्रसिद्ध केला. परंतु प्रकाश दूर अंतरावर टिकत नसे. त्याचा दोष काचेच्या स्वभावात नसून मुख्यतः तिच्यातील अशुद्धींत आहे, हे चार्ल्स काओ यांनी 1966 साली मांडले, आणि 2009 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काच शुद्ध झाली. टोक शुद्ध राखण्याचे काम मात्र अद्यापि माणसाच्या हातांवर आहे.

त्या एका कणाने नेमके काय होते, असे मी विचारले. तार साफ तुटली तर बरे, असे त्याचे उत्तर आले. ते तत्काळ कळते आणि व्यवहार दुसऱ्या वाटेने वळतो. कणामुळे मात्र तार मरत नाही, आजारी पडते. शेकडो फ्रेम सुखरूप जातात आणि एखादी वाटेतच बिघडते. मग सर्व्हर तिच्या उत्तराची वाट पाहत राहतो, आणि लिनक्समध्ये ही मुदत सर्वसाधारणपणे 30 सेकंदांची असते. खिडकीपुढे रांगेत उभा असलेला माणूस ते तीस सेकंद कोणाच्या नावे लिहील?

पुढचे काम रुजुवातीचे होते. प्रत्येक पोर्टला सोळा आकडी-अक्षरी ओळख असते. ती एकाने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहायची, आणि मगच झोनिंग करून कोणत्या सर्व्हरने कोणता पोर्ट पाहावा हे मुक्रर करायचे. एकच लन, म्हणजे स्टोरेजमधील साठ्याचा एक स्वतंत्र कप्पा, चुकून दोन असंबद्ध सर्व्हरांच्या हाती गेला, तर दोघेही त्यावर आपापले लिहितात आणि दोघांचेही नष्ट होते, म्हणून ही दक्षता.

सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन संपूर्ण स्वतंत्र जाळी, प्रत्येकात दोन वाटा, अशा चार वाटा पडद्यावर दिसू लागल्या. तेव्हा त्याने सहकाऱ्याला हाक दिली, “रायटिंग चालू आहे ना रे?” “चालू आहे.” आणि त्याने स्वतःच जोडलेली एक तार उपटून काढली. चारांपैकी दोन वाटांपुढे ‘फेल्ड’ उमटले, लिहिणे किंचित थबकले आणि पुढे चालू लागले. एवढ्याने चाचणी पार पडली होती, कोणी घाईही करीत नव्हते. तार तशीच परत खोचली असती तर कोणाच्या ध्यानातही आले नसते. त्याने मात्र ते टोक पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरले, पुन्हा पुसले, पुन्हा पाहिले, आणि मगच जोडले. त्या रात्रीतले हेच दृश्य माझ्या मनातून जात नाही.

पहाटे त्याच्या कामाचा तक्ता मी मागून पाहिला. त्यात रॅक, पोर्ट, तारेचा क्रमांक, लांबी असे रकाने होते. टोक तपासल्याची नोंद करण्यास जागा नव्हती. त्याचा मोबदलाही जोडलेल्या पोर्टांच्या संख्येवर ठरतो. म्हणजे जो न पुसता जोडील, त्याची कमाई अधिक. हा व्यवहार मला अन्याय्य वाटतो आणि अदूरदर्शीही. ज्यांच्या हाती अशा कामांच्या निविदा काढण्याचा अधिकार आहे, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्या तक्त्यात टोक तपासल्याची वेळ आणि तपासणाऱ्याची सही असे दोन रकाने वाढवावेत, आणि त्यासाठी लागणारी मिनिटे मोबदल्यात धरावीत.